हललेल्या फोटोंची कैफियत

तीर्थस्वरूप आत्यास,

चुळबुळीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी दरवेळी शिरस्ता म्हणून लिहिते, पण या वेळी तो अक्षरशः खरा आहे. हे पत्र मी जमिनीवर पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन लिहिते आहे. कंबर धरली आहे. कशाने धरली ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस, की गिऱ्हाईक आलं की बाटली तशीच उघडी टाकून उठतेस? स्टुडिओतला तो बागेचा पडदा, ज्यातला जिना कुठेच जात नाही, अजून टिकून आहे ना? आणि गोल फिरणारं स्टूल? तेल घालूनही त्याची कुरकुर गेली नसणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. इकडे बाबा ठणठणीत आहेत. "तुझ्या आत्याला कळव" असं रोज म्हणतात आणि काय कळवायचं ते सांगत नाहीत. भाऊ तुझाच, तेव्हा तूच समजून घे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन मला चांगला ठाऊक आहे. "बोल, गिऱ्हाईक बसलंय" म्हणतेस आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं, ठेवते" म्हणतेस. पत्राला गिऱ्हाईक आडवं येत नाही. शिवाय पत्र वाचताना तुला मधे बोलता येत नाही, आणि हा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळतो आहे.

तर आत्या, तुझी भाची सध्या अभिमानाने टम्म फुगलेली आहे. (पालथं पडूनही फुगता येतं, हे मला नव्यानेच कळलं.) ज्या सिनेमात कॅमेऱ्याची सगळी जबाबदारी माझ्या एकटीवर आहे, असा माझा पहिला सिनेमा पुरा होत आला. पडद्यावर "छायाचित्रण" असं येतं आणि खाली फक्त माझं नाव. मागेपुढे कोणी नाही. आणि त्यात एक शॉट असा जमला आहे की ज्याने पाहिला तो गप्प झाला. सिनेमाच्या धंद्यात माणसं गप्प होणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे तुला सांगून पटायचं नाही. तो शॉट तू बघावास एवढ्यासाठी हा सगळा पत्रप्रपंच. मला तुझ्या तोंडून एकदा "बरा आलाय" ऐकायचं आहे.

कारण तुझं माप मी ओळखून आहे. "बरा आलाय" ही तुझी सगळ्यात मोठी शाबासकी. त्यानंतर तू फोटो पालथा करतेस, शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडतेस आणि मागे स्टुडिओचा शिक्का उठवतेस. न पटलेल्या फोटोला शिक्का नाही, गिऱ्हाईक रडलं तरी नाही. माझ्या लहानपणीच्या एकाही फोटोवर तो शिक्का नाही, कारण एकाही फोटोत मी जागची जागी नाही. एकात मला दोन नाकं आहेत, एकात नाकच नाही, आणि आजोबांच्या मांडीवरच्या फोटोत त्यांच्या मांडीवर नुसतं धुकं बसलेलं आहे. तेव्हापासून तू मला चुळबुळ म्हणतेस. अख्ख्या गल्लीला स्थिर करणाऱ्या बाईच्या घरात माझ्यासारखी निपजावी, याचं तुला वाईट वाटायचं हे मला कळत होतं.

आणि तू स्थिर करायचीस तरी कशी! तुझं ते "हलू नका"! तू कधी आवाज चढवत नाहीस, पण तो आवाज कानात शिरतच नाही, थेट गुडघ्यात उतरतो. भोकाड पसरलेलं पोर आ वासून तसंच थांबायचं. पासपोर्टच्या फोटोला आलेले ते ढेरपोटे वकील श्वास घ्यायचंच विसरले होते, त्यांना पाठीत धपाटा घालून सुरू करावं लागलं. एकदा दार उघडं राहिलं आणि रस्त्यावरून चाललेला सायकलवाला तुझा आवाज ऐकून पेडल मारायचा थांबला आणि आडवा झाला. तू आधी फोटो काढलास आणि मग त्याला उचलायला गेलीस. (तो फोटो सुरेख आला होता. शिक्का मारलास.)

अशा बाईच्या हाताखाली भिंग, उजेड, सावली सगळं शिकून मी जाऊन पडले कुठे, तर हलत्या कॅमेऱ्याच्या धंद्यात. निघताना तू म्हणालीस, "फिरत्या कॅमेऱ्याला काय दिसणार डोंबल!" मी ते मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते मागच्या सिनेमाच्या वेळी. त्यात नोकरी गेलेला नायक बाजारातून सैरावैरा पळतो, तो भाग मी कॅमेरा खांद्यावर घेऊन त्याच्यामागे धावत काढला होता. तुला मोठ्या हौसेने घेऊन गेले, आणि तू काय केलंस? पुढच्या खुर्चीतल्या अनोळखी गृहस्थांचं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरून बसलीस. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक बिचारा हात जोडून, कसा वाटला म्हणून विचारायला आला, तर चारचौघांत त्याला म्हणालीस, "माणसं चांगली आहेत. पण सगळं हललंय. परत काढा." मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यानंतर मी तुला नीटसा फोन केला नाही आणि तूही केला नाहीस. ते आता संपवू या.

म्हणून आधी माझी कैफियत ऐक. आत्या, आम्ही उगाच हलत नाही. (काही जण हलतात. त्यांचं नाव काढू नकोस.) तू गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला लावतेस, आम्ही गिऱ्हाइकाला हात लावत नाही, आपणच खाली-वर, पुढे-मागे होतो, एवढाच काय तो फरक. कोणी दबक्या आवाजात बोलायला लागलं की आपण नकळत पुढे सरकतो की नाही? तसा कॅमेरा पुढे सरकतो. सरकला हे बघणाऱ्याला कळता कामा नये, फक्त आपण त्या माणसाच्या जवळ आलो एवढं कळावं. कधी कॅमेरा जागेवरच नुसती मान वळवतो. त्याला कारण लागतं. मान वळवून दाराकडे बघितलं आणि दारात कोणीच नसलं, तर लोक म्हणतात, हे काय दाखवलंत? कधी वर जातो. वर जायची हौस सगळ्याच दिग्दर्शकांना असते, शेवट आला की त्यांना आकाशात जायचं असतं, आणि का म्हणून विचारलं तर एकालाही सांगता येत नाही. आणि तो पळणारा नायक: त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती, मग मी कॅमेरा तिपाईवर लावून झाडाखाली उभी राहिले असते तर त्याची धाप तुला कशी लागली असती? तू त्या गृहस्थांचं डोकं धरलंस, ती माझ्या कामाला मिळालेली पावती होती, असं मी आता धरून चालले आहे.

पण सगळ्यात कठीण म्हणजे मागे जाणं. पुढे कोणीही जातो. मागे जाताना समोरचं माणूस लहान लहान होत जातं आणि त्याच्याभोवतीची रिकामी जागा वाढत जाते, आणि हे फार भरभर झालं तर टाकून दिल्यासारखं वाटतं, फार हळू झालं तर रेंगाळल्यासारखं. मी घर सोडलं तेव्हा गाडीच्या मागच्या काचेतून तुला बघत होते. तू स्टुडिओच्या दारात उभी होतीस. हात हलवला नाहीस (तू कशाला हलवशील!), नुसती उभी होतीस आणि लहान होत गेलीस. माझ्या आयुष्यातला तो पहिला मागे जाणारा शॉट. तो कसा काढायचा ते मला त्या ड्रायव्हरने शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता या सिनेमातला शॉट. गोष्ट साधी आहे. एक कुटुंब घर सोडून चाललं आहे. सामान गेलेलं आहे. घरातली आई शेवटची म्हणून स्वयंपाकघरातून निघते, बोळातून, पुढच्या खोलीतून चालत उंबऱ्यापर्यंत येते. बाहेर पायऱ्यांवर नवरा, दोन मुलं आणि सून हातात बोचकी घेऊन थांबली आहेत. कॅमेरा तिच्या समोर राहून सबंध वेळ मागे मागे जातो, दाराबाहेर पडतो, पायऱ्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून फाटकापर्यंत जातो, आणि घर काडेपेटीएवढं होतं. एकच शॉट, मधे तोडायचा नाही. आमच्या दिग्दर्शकाला सगळे भिंगरी म्हणतात, कारण त्याला कॅमेरा थांबलेला खपत नाही. कॅमेरा थांबला की प्रेक्षक घड्याळ बघतो, असं त्याचं म्हणणं आहे. तो स्वतःही कधी थांबत नाही, जेवतानासुद्धा ताट घेऊन फिरतो.

कॅमेरा आणि मी बसणार एका चाकांच्या ट्रॉलीवर, खाली रूळ, आणि ट्रॉली ओढायला अलगद. हे त्याचं खरं नाव नव्हे. माणूस आडदांड आहे, बोलतो जेमतेम, पण ट्रॉली अशी ओढतो की वरच्या कपातला चहा हलत नाही. (मला त्याच्याशी तुझी गाठ घालून द्यायची आहे. तुमचं जमेल.) तर पहिल्याच दिवशी असं निघालं की ट्रॉली स्वयंपाकघराच्या दारातून जात नाही. भिंगरी म्हणाला, चौकट कापा. हे ऐकून घरमालक दोन्ही हात पसरून दारात उभे राहिले, आणि चहाची वेळ झाली तरी तिथून हलेनात. शेवटी ट्रॉलीच्या बाजूचे दांडे काढले आणि मला पाय पोटाशी घेऊन, कॅमेऱ्याला कवटाळून, पाठीची कमान करून बसवलं. माझी कंबर धरली ती तिथे.

मग रूळ वाजायला लागले. आमच्या ध्वनीवाल्याला सगळे कान म्हणतात. त्याला शेजारच्या घरात कोणी ब्रश करत असलेलंही ऐकू येतं. तो म्हणाला, चाकं चिरचिरतात. म्हणून रुळांवर अंगाला लावायची पावडर टाकली. ती जरा सढळ हाताने पडली, अलगदचा पाय सरकला, तो बसला आणि सबंध बोळात पांढरा ढग उठला. आम्ही शिंकतोय, आईचं काम करणाऱ्या मोठ्या बाई शिंकतायत, आणि भिंगरी ढगातून ओरडतोय, हे छान आहे, हे ठेवू या!

त्यानंतर एक टेक जमत आला होता, तर मोठ्या बाई दारात पोचतात न पोचतात तोच समोरच्या घरातल्या एक काकू धावत आल्या आणि त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागल्या. घर खरंच रिकामं होतंय अशी त्यांची समजूत झाली होती. आपण या लोकांना ओळखत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मोठ्या बाई मुरलेल्या नटी, त्यांनीही काकूंना जवळ घेऊन रडून घेतलं. पुढचा टेक लावायला वेळ लागला, कारण काकू जाईनात. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कॅमेऱ्यामागे बसवून घेतलं.

अशात उन्हं कलली. दुसऱ्या दिवसापासून घरमालकांनी रंगारी बोलावलेले होते, म्हणजे हा टेक शेवटचा. मला हातापायाला मुंग्या आलेल्या, पण आत्या, खरं सांगते, त्या वेळी मला सगळं दिसत होतं. मोठ्या बाई स्वयंपाकघरातून निघाल्या. ओट्यावरून एकदा हात फिरवला. अलगद त्यांच्या खांद्यांकडे बघून ओढत होता, त्या रेंगाळल्या की तोही रेंगाळायचा. बोळ गेला, पुढची खोली गेली, मी दाराबाहेर आले. बाई उंबऱ्यावर आल्या. तिरपं ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर, पायऱ्यांवर नवरा एका बाजूला, सून एका बाजूला, मुलं बोचकी घेऊन खाली. न सांगता अशी उभी राहिली होती की जणू कोणी उभीच केली आहेत. आणि तिथे मी कॅमेरा थांबवला.

हो, मी थांबवला. पूर्ण विचारान्ती, पूर्ण जबाबदारीने. सगळं घर हलत असताना, सगळा सिनेमा हलत असताना, नेमकं कुठे थांबायचं हे कळायला कलावंताची नजर लागते, आणि ती माझ्याकडे आहे असं आता लोक म्हणायला लागले आहेत. कॅमेरा थांबला, ट्रॉली थांबली, ती पाच माणसं त्या उन्हात नुसती उभी राहिली, आणि मोठ्या बाई हळूच हसल्या. डोळे भरलेले आणि हसल्या. कोणाला "कट" म्हणायची शुद्ध नव्हती. कॅमेऱ्यामागच्या काकू पदर तोंडात धरून बसल्या होत्या. भिंगरी कितीतरी वेळ जागेवर उभा होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग येऊन म्हणाला, फाटकापर्यंत जायची गरजच नाही, सिनेमा इथेच संपतो. तेव्हा आता सिनेमा तिथेच संपतो आहे, आणि अख्ख्या सिनेमात कॅमेरा तेवढा एकदाच थांबतो.

संकलन करणाऱ्या बाईंनी त्यातला तुकडासुद्धा कापला नाही. पहिल्यांदा आमच्या आमच्यात दाखवला तेव्हा दिवे लागल्यावर कोणी उठेना. एवढं सगळं सांगून झाल्यावर मी नम्र वगैरे राहण्यात काही अर्थ नाही. मी मोठं काम केलं आहे, आत्या. पहिल्या खेळाला तू यायचं आहेस. तुझ्या पुढच्या खुर्चीवर मी स्वतः बसेन, म्हणजे डोकं धरायचंच झालं तर घरातलं असेल.

बाकी सगळं क्षेम आहे, कंबर सोडून. उत्तर पाठव, आणि स्टुडिओचं दार एक दिवस बंद ठेवलंस तर गल्ली काही ओस पडत नाही.

तुझी,
चुळबुळ

ता. क. वर जे "पूर्ण विचारान्ती" लिहिलं आहे, ते तेवढं वाचू नकोस. पाकीट चिकटवायला घेतलं आणि चिकटवेना. झालं ते असं. ती माणसं अशी उभी राहिली, ऊन असं पडलं, आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "हलू नका!" विचार नाही, जबाबदारी नाही, कलावंताची नजर नाही. बरं, निघालं ते माझ्या आवाजात नाही, तुझ्या. अलगद जागच्या जागी थिजला, म्हणून ट्रॉली थांबली. नट थिजले. कानाने श्वास रोखला. आणि भिंगरी जो उभा राहिला, तो काही शॉट बघून भारावला म्हणून नव्हे, त्याचेही पाय चालेनात. टेक चालू असताना मधे बोलणाऱ्या माणसाला आमच्या धंद्यात घरी पाठवतात. मला मात्र भिंगरीने मिठी मारली. मी ती घेतली आणि तिथे नसलेल्या लोकांना आजपर्यंत "नजर" असंच सांगते आहे.

ता. क. दुसरं. पत्राचं खरं काम हे आहे. ते "हलू नका" ध्वनीत आलं आहे आणि भिंगरीला ते सिनेमात हवं आहे. कोणीतरी, दिसत नाही असं, त्या कुटुंबाचा शेवटचा फोटो काढतं आहे, असं ते वाटतं म्हणे. फक्त कान म्हणतो की माझा आवाज मधे फाटला आहे, पुन्हा बोलून घ्यावा लागेल. मी सकाळभर बोलले. भिंगरी फेऱ्या मारत राहिला, कोणी थिजलं नाही. ते शब्द माझ्या तोंडात उसने वाटतात. तेव्हा येत्या आठवड्यात एक दिवस ये. आवाज टिपायची, गादीच्या भिंतींची लहानशी खोली आहे, पडद्यावर ती पाच माणसं उभी असतील, आणि तुला दोनच शब्द बोलायचे आहेत. काचेपलीकडे कोणी सायकल चालवत नाही याची मी खात्री करून घेईन. ये, आत्या. तो शॉट तुझ्यावाचून पुरा होत नाही, आणि मीसुद्धा.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. त्या शॉटमधला तो थांबलेला क्षण कागदावर छापून सोबत पाठवते आहे. सगळ्यांचे डोळे उघडे आहेत, नाकं एकेकच आहेत. दाराशेजारच्या खिडकीच्या काचेत एक पुसट ठिपका दिसेल. तो भिंगाचा दोष नव्हे, ते माझं प्रतिबिंब आहे, हललेलं. सिनेमातून तो पुसून टाकतो आहोत, तुझ्या प्रतीत मुद्दाम ठेवला आहे. तेवढा चालवून घेता आला तर बघ. फोटोची मागची बाजू कोरी आहे.